विश्लेषण : आकाशातले विमान मोबाइलवर कसे दिसते? त्या नकाशावर किती विश्वास ठेवावा?

५ ऑगस्ट २०२४ रोजी बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना ढाका सोडून निघाल्या. त्या कुठे जाणार, याची अधिकृत माहिती कुणीही देत नव्हते. मात्र बांगलादेश हवाई दलाचे एक सी-१३०जे मालवाहू विमान भारताच्या दिशेने येताना मोबाइलच्या पडद्यावर दिसत होते. ‘एजॅक्स १४३१’ हे त्याचे सांकेतिक नाव काही मिनिटांत सर्वतोमुखी झाले. त्या घडीला ‘फ्लाइटरडार २४’ या संकेतस्थळावर जगात सर्वाधिक लोक याच विमानाकडे डोळे लावून बसले होते. सायंकाळी ते गाझियाबादजवळच्या हिंडन हवाई तळावर उतरले.

एकेकाळी हवाई वाहतूक नियंत्रकाच्या खोलीपुरते असलेले हे दृश्य आता कुणाच्याही खिशात आले आहे. परदेशी शिकायला निघालेल्या मुलीचे विमान कुठवर पोहोचले हे पाहणाऱ्या पालकांपासून युद्धक्षेत्रातील टेहळणी विमानांचा माग काढणाऱ्या हौशी अभ्यासकांपर्यंत अनेक जण हा नकाशा पाहतात. पण या नकाशावरून जसे सत्य बाहेर येते, तशा अफवाही उठतात. हे तंत्र चालते कसे, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि त्यावरून वाद का होतात, याविषयी...

विमान स्वतःचा ठावठिकाणा कसा सांगते?

पारंपरिक रडार जमिनीवरून लहरी सोडते आणि विमानावर आदळून परत येणाऱ्या लहरींवरून त्याचे स्थान ठरवते. मोबाइलवर दिसणाऱ्या विमानांचा या रडारशी फारसा संबंध नसतो. आधुनिक विमाने उपग्रहांच्या मदतीने स्वतःचे स्थान शोधतात आणि ते रेडिओ संदेशाद्वारे सतत जाहीर करतात. या पद्धतीला ‘एडीएस-बी’ म्हणतात. १०९० मेगाहर्ट्झ या लहरीवर हे संदेश जातात. आपण कोण, कुठे, किती उंचीवर, किती वेगाने आणि कोणत्या दिशेने जात आहोत, हे विमान त्यातून सांगते. स्थानाचा संदेश सेकंदाला साधारण दोन वेळा निघतो.

हे संदेश सांकेतिक कुलूप लावून पाठवलेले नसतात. आसपासच्या इतर विमानांना आणि नियंत्रकांना ते सहज वाचता यावेत, टक्कर टळावी, हाच त्यांचा हेतू. त्यामुळे योग्य उपकरण असलेल्या कुणालाही ते ऐकता येतात. प्रत्येक विमानाला २४ बिटचा एक स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो. असे सुमारे १ कोटी ६७ लाख क्रमांक शक्य आहेत आणि ते देशानुसार वाटलेले आहेत. म्हणूनच विमान भारतीय की परदेशी, हे अभ्यासकाला क्रमांक पाहताच कळते.

हे संदेश पकडतो कोण?

यातील मोठा वाटा हौशी मंडळींचा आहे. टीव्ही पाहण्यासाठी बनवलेली छोटी यूएसबी पट्टी वापरून हव्या त्या रेडिओ लहरी ऐकता येतात, हे २०१२ च्या सुमारास तंत्रप्रेमींच्या लक्षात आले. तिला ‘रास्पबेरी पाय’सारखा तळहाताएवढा संगणक आणि एक अँटेना जोडली, की घराच्या गच्चीवर ग्राहक केंद्र उभे राहते. १०९० मेगाहर्ट्झची लहर जेमतेम २७ सेंटिमीटर लांबीची असल्याने सात सेंटिमीटरची तारही अँटेना म्हणून चालते. मधे डोंगर वा उंच इमारत नसेल, तर उंचावरून जाणारे विमान ३०० ते ४०० किलोमीटर अंतरावरूनही पकडता येते.

स्वीडनमधील दोन विमानवेड्यांनी २००६ मध्ये छंद म्हणून अशा ग्राहक केंद्रांचे जाळे विणायला सुरुवात केली. २००९ मध्ये त्यांनी ते सर्वांसाठी खुले केले. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपचे आकाश बंद झाले, तेव्हा रिकामा नकाशा पाहायला जगभरातून लोक आले आणि ‘फ्लाइटरडार २४’ हे नाव घरोघरी पोहोचले. आज या कंपनीच्या जाळ्यात ४० हजारांहून अधिक ग्राहक केंद्रे आहेत. माहिती पुरवणाऱ्या हौशींना त्या बदल्यात सशुल्क सेवा मोफत मिळते. ‘फ्लाइटअवेअर’, ‘एडीएस-बी एक्स्चेंज’ या सेवाही साधारण याच तत्त्वावर चालतात.

समुद्रावरचे विमान मधेच थांबते किंवा नाहीसे का होते?

किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात ग्राहक केंद्र नसते. अशा वेळी विमानाचा शेवटचा ज्ञात वेग आणि दिशा धरून संकेतस्थळ अंदाजाने रेषा पुढे ओढते. पुन्हा संदेश मिळाला, की विमान एकदम खऱ्या जागी ‘उडी’ मारते. त्यामुळे समुद्रावर थबकलेले विमान पाहून घाबरण्याचे कारण नसते. विमान दिसत नाही म्हणजे ते संकटात आहे असे नव्हे.

८ मार्च २०१४ रोजी मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० हे विमान २३९ जणांसह बेपत्ता झाले आणि समुद्रावरील ही पोकळी जगाला प्रकर्षाने जाणवली. त्यानंतर उपग्रहांवरूनच हे संदेश पकडण्याच्या कामाला जोर आला. ‘इरिडियम’च्या ६६ उपग्रहांवरील उपकरणांमधून चालणारी अशी सेवा २०१९ मध्ये सुरू झाली. ती प्रामुख्याने हवाई वाहतूक नियंत्रण संस्था वापरतात. मोफत नकाशा पाहणाऱ्याच्या वाट्याला बहुधा अंदाजाची रेषाच येते.

जुन्या विमानांत एडीएस-बी नसेल, तर आणखी एक युक्ती वापरतात. एकच संदेश चार किंवा अधिक केंद्रांवर किती सूक्ष्म फरकाने पोहोचला, यावरून विमानाची जागा गणिताने काढता येते. अनेक लष्करी विमाने नकाशावर येतात ती अशीच.

हौशी निरीक्षक नेमके काय शोधतात?

विमाने पाहण्याचा, त्यांचे नोंदणी क्रमांक टिपण्याचा छंद इंटरनेटपेक्षा खूप जुना. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये आकाशातील विमान आपले की शत्रूचे, हे ओळखण्यासाठी स्वयंसेवक नेमले होते. युद्धानंतर त्या कौशल्याचा छंद झाला. मुंबईत विमानतळालगतच्या जरीमरी परिसरातील टेकडीवरून विमानांची छायाचित्रे टिपणारे तरुण याच परंपरेतले. फरक एवढाच, की आता त्यांना दुर्बीण घेऊन दिवसभर ताटकळावे लागत नाही. वेगळे विमान निघाले, की मोबाइलवर सूचना येते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये देवमाशासारखे दिसणारे एअरबसचे ‘बेलुगा’ मालवाहू विमान मुंबईत उतरले, तेव्हा विमानतळावरील प्रवाशांसह साऱ्यांच्याच मोबाइलमधील कॅमेरे बाहेर आले. त्याआधी मे २०१६ मध्ये जगातील सर्वांत मोठे मालवाहू विमान ‘आन्तोनोव्ह २२५ म्रिया’ हैदराबादला आले होते. तशा प्रकारचे ते एकमेव विमान २०२२ मध्ये युक्रेन युद्धात नष्ट झाले. त्यामुळे ज्यांनी त्याची छायाचित्रे आणि उड्डाणाच्या नोंदी ठेवल्या, त्यांच्याकडे आता इतिहासाचे दस्तऐवज आहेत.

राजकीय घटनांच्या वेळी या छंदाला गर्दीचे रूप येते. २ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तत्कालीन सभापती नॅन्सी पेलोसी तैवानला गेल्या. चीनच्या धमक्यांमुळे त्यांच्या विमानाने दक्षिण चीन समुद्र टाळून बोर्निओ आणि फिलिपिन्सच्या पूर्वेकडून मोठा वळसा घेतला. हा प्रवास २९ लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. पुढच्याच महिन्यात राणी एलिझाबेथ यांचे पार्थिव एडिनबराहून लंडनला नेणाऱ्या विमानाने तो विक्रम मोडला. सुमारे ४८ लाख लोकांनी ते उड्डाण पाहिले.

विमान घिरट्या घालू लागले की संकटच समजावे का?

नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी वाहतूक चालवता येत नाही. पावसाळ्यात दृश्यमानता घटली वा एखादी धावपट्टी काही काळ बंद झाली, की येणारी विमाने आकाशात लंबगोल फेऱ्या मारत रांगेत थांबतात. उतरता उतरता पुन्हा वर जाणे, म्हणजे ‘गो-अराउंड’, हीसुद्धा नेहमीची सुरक्षित कृती आहे.

११ ऑक्टोबर २०२४ रोजी तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानात उड्डाणानंतर हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाड झाला. विमानात १४१ प्रवासी होते. सुमारे अडीच तास ते शहराभोवती घिरट्या घालत राहिले आणि वृत्तवाहिन्यांनी तो नकाशा थेट दाखवला. पाहणाऱ्यांना ती फेऱ्यांची जाळी भयावह वाटत होती. प्रत्यक्षात वैमानिक इंधन जाळून वजन कमी करत होते, कारण बोइंग ७३७ मध्ये हवेत इंधन सोडून देण्याची सोय नसते. विमान सुखरूप उतरले.

विमानाला नियंत्रक चार अंकी सांकेतिक क्रमांक देतात. त्यातील तीन क्रमांक राखीव आहेत : ७५०० म्हणजे अपहरण, ७६०० म्हणजे संपर्क यंत्रणेत बिघाड आणि ७७०० म्हणजे आणीबाणी. ७७०० दिसताच समाजमाध्यमांवर धावपळ उडते. मात्र प्रवाशाची प्रकृती बिघडणे, काचेला तडा जाणे, केबिनमध्ये धुराचा वास येणे अशा कारणांनीही हा क्रमांक लावतात आणि बहुतेक वेळा विमान सुरक्षित उतरते.

अहमदाबाद दुर्घटनेनंतर गफलत कशी झाली?

१२ जून २०२५ रोजी एअर इंडियाचे लंडनला निघालेले बोइंग ७८७ विमान अहमदाबादेत उड्डाणानंतर काही सेकंदांत कोसळले. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ जणांचा मृत्यू झाला. दुर्घटनेनंतर लगेचच नकाशाच्या छायाचित्रांवरून एक निष्कर्ष पसरला : वैमानिकांनी धावपट्टीची पूर्ण लांबी न वापरता मधूनच उड्डाण केले. दोन मृत वैमानिकांवर ठपका ठेवायला काहींना तेवढे पुरे झाले.

प्रत्यक्षात विमानतळाच्या जमिनीलगतचे संदेश पकडण्यात खंड पडला होता. विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत गेले, तो भाग सुरुवातीच्या नकाशात नव्हता. इतर केंद्रांकडील माहिती तपासल्यावर फ्लाइटरडार २४ने खुलासा केला, की विमान आधी धावपट्टीच्या टोकाशी गेले आणि ११ हजार ४९९ फुटांची संपूर्ण धावपट्टी वापरून उडाले. विमान अपघात तपास विभागाच्या जुलैमधील प्राथमिक अहवालातही विमान टोकाकडे जाऊन वळल्याची नोंद आहे. दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच उड्डाणानंतर ‘बंद’ स्थितीत गेल्याचे याच अहवालात म्हटले आहे. विमान स्वतःहून जाहीर करते त्या संदेशात यातले काहीच नसते. ते ब्लॅक बॉक्समध्येच सापडते.

दुसरी गफलत उंचीची. विमानाचा शेवटचा संदेश ६२५ फूट उंचीचा होता आणि अनेकांनी तो जमिनीपासूनची उंची समजून वापरला. मात्र ही उंची प्रमाणित हवादाब गृहीत धरून मोजलेली असते. ती जमिनीपासूनची नसते. अहमदाबादचा विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे २०० फूट उंचावर आहे. शिवाय उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हवेचा दाब प्रमाणित १०१३ हेक्टोपास्कलपेक्षा बराच कमी असतो. दाब १००० हेक्टोपास्कल असेल, तर एवढ्यानेच सुमारे साडेतीनशे फूट जास्त दिसतात. म्हणजे विमान जमिनीपासून ६२५ फुटांच्या जवळपासही पोहोचले नव्हते.

जीपीएसच खोटे बोलू लागले तर?

विमान जे सांगते तेच नकाशा दाखवतो. विमानालाच चुकीचे स्थान कळत असेल, तर नकाशाही चुकतो. युद्धक्षेत्रांच्या आसपास जीपीएसचे संकेत दाबून टाकणे किंवा खोटे संकेत सोडणे आता नित्याचे झाले आहे. भारतात नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू परिसरात, अशा ४६५ घटना नोंदल्या गेल्याचे केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाजवळही हा अनुभव आला.

गंमत अशी, की हा दोषच पुरावा ठरू शकतो. आपले स्थान किती अचूक आहे, हेही विमान संदेशातून कळवते. एकाच भागातील अनेक विमानांची अचूकता एकदम घसरली, की तेथे जीपीएसमध्ये ढवळाढवळ सुरू असल्याचे हौशी अभ्यासक ओळखतात. २५ डिसेंबर २०२४ रोजी अझरबैजान एअरलाइन्सचे विमान कझाकस्तानातील अक्ताऊजवळ कोसळून ३८ जणांचा मृत्यू झाला. रशियातील ग्रोझनीजवळ त्याला जीपीएस अडथळ्याला तोंड द्यावे लागले आणि पुढे कॅस्पियन समुद्रावर ते वरखाली हेलकावत राहिले, हे या नोंदींतून लगेच समोर आले. पक्षी आदळल्याची प्राथमिक शक्यता त्यामुळे संशयास्पद ठरली. रशियाच्या हवाई संरक्षण क्षेपणास्त्रांचा विमानाजवळ स्फोट झाल्याचे अध्यक्ष पुतिन यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये मान्य केले.

सरकारे आणि धनाढ्य यांचा आक्षेप काय?

या छंदाने बलाढ्यांची अडचण केल्याची उदाहरणे आहेत. २००१ नंतर अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयए संशयितांना गुपचूप एका देशातून दुसऱ्या देशात नेत होती. त्यासाठी वापरलेली साधी नागरी विमाने वेगवेगळ्या विमानतळांवरील हौशी छायाचित्रकारांच्या नोंदींत सापडली आणि पत्रकारांना उड्डाणांची साखळी जुळवता आली. दुसरीकडे, २००१ मध्येच ग्रीसमधील कालामाता हवाई तळावर विमानांचे क्रमांक टिपणाऱ्या ब्रिटिश आणि डच हौशींना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांना दोषीही ठरवले गेले. २००२ च्या अखेरीस अपिलात ते सुटले. चीनने २०२१ मध्ये परदेशी संकेतस्थळांना माहिती पुरवणारी हौशींची ग्राहक केंद्रे राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने काढून टाकली.

खासगी जेटच्या मालकांचा आक्षेप वेगळा आहे. इलॉन मस्क यांच्या विमानाचा ठावठिकाणा ट्विटरवर देणाऱ्या जॅक स्वीनी या विद्यार्थ्याला मस्क यांनी खाते बंद करण्यासाठी पाच हजार डॉलर देऊ केले. त्याने ५० हजार मागितले. ट्विटर मस्क यांच्या ताब्यात गेल्यावर, डिसेंबर २०२२ मध्ये, ते खाते बंद झाले. फ्रेंच उद्योगपती बर्नार्ड अर्नो यांनी तर समूहाचे जेट विकून भाड्याची विमाने वापरायला सुरुवात केली. ‘सार्वजनिक आकाशातून जाणारे आणि स्वतःहून संदेश देणारे विमान पाहणे हा गुन्हा कसा?’ हा हौशींचा युक्तिवाद. ‘विमान म्हणजे त्यातला माणूस, त्याचा पाठलाग करणाऱ्याला आयता पत्ता मिळतो’ हे मालकांचे म्हणणे. अमेरिकेत मालकांना आपले विमान सार्वजनिक नकाशावरून वगळण्याची विनंती करता येते. बहुतेक संकेतस्थळे ती पाळतात. ‘एडीएस-बी एक्स्चेंज’ मात्र असे काही गाळत नाही, हीच त्याची ओळख आहे.

भारतात कोणती काळजी घ्यावी लागते?

एप्रिल २०२५ च्या अखेरीपासून भारत आणि पाकिस्तानने एकमेकांच्या विमानांना हवाई क्षेत्र बंद केले. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी विमाने गुजरात आणि अरबी समुद्रावरून वळसा घेताना सर्वांना दिसली. तणाव वाढल्यावर लष्करी हालचालींचे थेट प्रक्षेपण करू नये, अशी सूचना केंद्राने माध्यमांना आणि समाजमाध्यम वापरकर्त्यांना दिली. त्याच मे महिन्यात पाकिस्तानच्या आकाशातील एका विमानाच्या नकाशावरून अणुकेंद्रात किरणोत्सर्ग झाल्याचा दावा पसरला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने पाकिस्तानातील कोणत्याही अणुकेंद्रातून गळती झाली नसल्याचे स्पष्ट केले, तोवर दावा लाखो मोबाइलवर पोहोचला होता.

लष्करी धावपट्टी असलेल्या विमानतळांवर छायाचित्रण करण्यास मनाई आहे. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे आणि गोव्याचे दाबोळी नौदलाचे तळ आहे, हे पर्यटक सहसा विसरतात. नकाशावर नागरी विमान पाहणे आणि तळावरील लढाऊ विमानांच्या हालचाली टिपून समाजमाध्यमांवर टाकणे, या दोन गोष्टी एक नाहीत.

नकाशा वाचताना काय ध्यानात ठेवावे?

वेळ बहुधा आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत असते. तीत साडेपाच तास मिळवल्यावर भारतीय वेळ मिळते. तुटक किंवा वेगळ्या रंगाची रेषा म्हणजे अंदाज असतो. सरळ रेषेत झालेली अचानक उडी ही विमानाची नव्हे, बहुतेकदा माहितीची असते. लष्करी विमान दिसत असेल, तर त्याने दिसणे पसंत केले आहे. ज्याला लपायचे आहे ते यंत्रणा बंद ठेवते. त्यामुळे ‘आकाशात आज हालचाल नाही’ असा निष्कर्ष या नकाशावरून काढता येत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विमान कुठे होते हे नकाशा सांगतो. ते तिथे का होते, वैमानिकाने काय केले, आत कोण होते, हे सांगत नाही. मुरलेले हौशी निरीक्षक हा फरक पाळतात. नोंद जपून ठेवतात, दुसऱ्या स्रोताशी ताडून पाहतात आणि निष्कर्षाची घाई करत नाहीत. दुर्घटनेच्या दिवशी एखाद्या कुटुंबाच्या हातात हाच नकाशा असतो. त्याचे छायाचित्र पुढे पाठवण्यापूर्वी एवढे आठवले, तरी पुरे.